चौथं लिंबू

रेणुकादास सरांच्या गाडीला एक खोड होती. धावायला लागली की गुणी, उभी राहिली की मेलीच. शिवाजी चौकात सिग्नलला थांबली, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला, की दोन आचके द्यायची आणि गप्प. मागचे रिक्षावाले भोंगे वाजवून जीव नकोसा करायचे. अहमदपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोच्या, सौदामिनीबाईंच्या हातीच गाडी जास्त असायची. त्यामुळे सरांनी वर्षभर एकच निदान लावून धरलं होतं : "क्लच सोडायला घाई करतेस तू." अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचं निदान, त्याला कोण आव्हान देणार? मग एकदा ऐन बाजाराच्या गर्दीत गाडी खुद्द सरांच्या पायाखाली मेली, तेव्हा कुठे दोष आयडल व्हॉल्व्हचा असल्याचा शोध लागला. बायकोची माफी मागायची तेवढी राहून गेली.

सरांची दुसरी शिकवण हँडब्रेकची होती. तो ढिला होता, म्हणून, "त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. गियरमध्ये टाकूनच उतरायचं." सौदामिनीबाई ही शिकवण अगदी इमानाने पाळत.

आता मात्र चालढकल करून भागणार नव्हतं. लेक मनस्विनी नांदेडला सासरी. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्याने बाळंतपण तिकडेच झालेलं. उद्या तिला आणि तान्ह्या नातीला माहेरी आणायचं होतं. लोह्याच्या नाहीतर अहमदपूरच्या गर्दीत, असल्या उन्हात, गाडी बंद पडली आणि लेकरू तापलं तर? या विचाराने सरांची झोप उडाली होती. मेकॅनिकला सवड नव्हती. "दोन तर स्क्रू आहेत," सर म्हणाले, आणि नवा व्हॉल्व्ह घेऊन आले.

रविवारी सकाळीच अंगणात बॉनेट वर झालं. काम खरंच अवघड नव्हतं. पाय काढला की इंजिनाच्या हवेचं मोठं दार मिटतं. तेव्हा बाजूच्या बारीक वाटेने त्याला दमापुरती हवा द्यायची, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. सरांनी बॅटरीची वायर काढली, जुना व्हॉल्व्ह सोडवला. त्याच्या तोंडाशी चुलीच्या धुराड्यासारखी काजळी बसली होती. जुन्या टूथब्रशने त्यांनी ती वाट घासून लख्ख केली. रबराची रिंग नीट बसवली. सर स्वतःवर इतके खूश होते, की गुणगुणत होते.

तेवढ्यात सौदामिनीबाई तबक घेऊन आल्या. तबकात हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू आणि लिंबं.

"हे काय आता?"

"चार चाकांखाली चार लिंबं. उद्या लेकरू बसणार हाय गाडीत."

"अगं, गाडी नवी नाही. व्हॉल्व्ह नवा आहे. त्याच्याखाली ठेव एखादं."

"ठेवलं असतं, पण तुमचं डोकं मधी येऊन राहिलंय."

त्यांनी मागची दोन चाकं उरकली, पुढचं उजवं उरकलं आणि डाव्या चाकापाशी, अगदी पुढ्यात, तबक टेकवून बसल्या. वर झालेल्या बॉनेटमुळे सरांना आता फक्त त्यांचा आवाज येत होता.

"अगं बाई, हे डागी निघालं."

"गाडीला डाग दिसत नाहीत. ठेव आणि उरक."

"गाडीला नसतील दिसत. मला दिसतात ना."

सरांनी कपाळावर हात मारला. बॅटरी जोडली, स्क्रू पुन्हा एकदा आवळला. मग ते आपल्याच नादात चालकाच्या खिडकीपाशी आले. आत बसायची गरजच काय? गाडी कुठे न्यायची होती? जागेवर सुरू करून आवाज ऐकायचा होता. बाहेरूनच हात घालून, कान इंजिनाकडे लावून, त्यांनी किल्ली फिरवली.

गाडीने गचकन उडी घेतली.

कालपर्यंत असा गचका बसला की हीच गाडी जागच्या जागी मरून पडायची. आज ती मरेना. नव्या दमाने ती सरांच्या हाताला हिसका देऊन पुढे निघाली. काहीतरी कचकन चेपल्याचा आवाज आला. गाडी गेटच्या खांबावर आदळली तेव्हा कुठे थांबली, आणि बॉनेट धाडकन खाली आलं.

समोर कलंडलेलं गेट दिसत होतं. सौदामिनी दिसत नव्हती.

गाडीखालून फरशीवर लाल ओघळ सरकत आला. वाकून बघायचं होतं, फक्त वाकायचं होतं, आणि तेच सरांच्याने होईना. आपण मारलं तिला. ती घाई कर म्हणालीच नव्हती, घाई आपणच केली. ती बसलेली माहीत असून किल्ली फिरवली.

खिशातला फोन वाजला. सवयीने त्यांनी तो कानाला लावला.

"बाबा, झाली का गाडी?" मनस्विनी हसत होती. "आई कुठंय? तिला द्या ना."

लाल ओघळ चपलेपाशी आला तसे सर एक पाऊल मागे सरकले.

"बाबा? आई कुठंय?"

"अहो! गेट का पाडलंत?"

आवाज मागून आला. परसातल्या झाडाचं, देठाला पान असलेलं ताजं लिंबू हातात घेऊन सौदामिनीबाई घराच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. सर मटकन खाली बसले.

"हाय गं बाई," ते फोनमध्ये म्हणाले आणि रडायलाच लागले. "हाय तुझी आई. हितंच हाय."

सौदामिनीबाई तणतणत पुढे आल्या आणि चाकाशी थबकल्या. स्टीलचं तबक पापडासारखं चपटं झालं होतं. कुंकवाचं पाणी फरशीभर पसरलं होतं. आपण कुठे बसलो होतो ते त्यांनी पाहिलं, आणि पदर तोंडाशी गेला.

पदराआडूनच त्यांनी विचारलं, "गियरमध्ये होती?"

काल तूच लावली होतीस, हे सवयीने सरांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. "हाव. मी बघितलं नाही. माझं चुकलं." मग म्हणाले, "आणि ते क्लचचंही माझंच चुकलं होतं."

सौदामिनीबाईंनी वाकून किल्ली काढली. "उद्या नांदेडला मी चालवते," त्या म्हणाल्या आणि लिंबू सरांच्या हातात दिलं. "हे तुम्ही ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा एक दिवा फुटलेली ती गाडी निघायला उभी होती. लिंबं ठेवत ठेवत सर डाव्या चाकापाशी येऊन बसले. तिथून वर पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, नुसतं चाक आणि पत्रा.

"थांब गं!" ते ओरडले. "मी खाली हाय अजून!"

"माहीत हाय," अगदी कानापाशी आवाज आला. सौदामिनीबाई गाडीत बसल्याच नव्हत्या. किल्ली मुठीत घट्ट धरून त्या त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. "उठा तुम्ही आधी."