बारकीचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानात धान्य मोजणारा नव्हे, तर तान्ह्या बाळांना तोलणारा. माझं अंग लोखंडी आहे. वर बाळाला निजवायचं खोलगट पारडं आहे आणि पुढे एक पितळी दांडी. तिच्यावरून छोटं वजन सरकवायचं, दांडी अधांतरी स्थिर झाली की बाळाचं वजन कळतं. मित्रांनो, माझा पांढरा रंग आता जागोजाग उडाला आहे. एका कुलूपबंद कोठीत मोडक्या खुर्च्यांच्या मागे मला ठेवलं आहे. इथे कोणी फिरकत नाही, म्हणून माझी हकिकत तुम्हाला सांगतो.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथल्या तपासनिसाने मला तीन दिवस सोडलं नव्हतं. एकेक वजन ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. शेवटी माझ्यावर शिक्का मारताना तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "हा जे सांगेल ते आई खरं धरून चालणार. म्हणून एवढा वेळ घेतला."

तिथून मी एका सरकारी दवाखान्यात आलो. सूतगिरणीच्या कामगारांची वस्ती, तिच्या टोकाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत मी आणि नर्सबाई. नर्सबाई ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. थंडीत बाळाला निजवण्याआधी त्या माझ्या पारड्यावर दोन्ही तळवे दाबून धरायच्या, म्हणजे लोखंडाचा गारवा बाळाच्या पाठीला लागू नये. प्रत्येक बाळाला, मग ते मुलगा असो की मुलगी, "या पैलवान" म्हणायच्या. वजन वाढलेलं दिसलं की आया हसायच्या. एकदा एक बाप गिरणीतली पाळी संपवून थेट आला. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. मुलाचं वजन ऐकलं आणि घरी जाईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटला. बावीस वर्षं अशी गेली. मला वाटायचं, माझ्याइतकं सुखाचं काम दुसऱ्या कोणाचं नसेल.

मग मंदी आली. गिरणीची तिसरी पाळी बंद झाली, सहा महिन्यांनी दुसरी. मंदी म्हणजे काय ते मला कोणी समजावलं नाही, पण ते माझ्या दांडीला कळलं. महिन्याला जी बाळं सहज सहा-सातशे ग्रॅमने वाढायची, ती तीनशेवर येऊन थांबू लागली. आया हसेनाशा झाल्या. वजन ऐकून, ते लिहिलेल्या कार्डाची घडी घालायच्या आणि निघून जायच्या.

त्याच दिवसांत बारकी माझ्याकडे आली. तिची आई शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. वडिलांचं काम दुसऱ्या पाळीबरोबरच गेलं होतं. मुलगी जन्मली तेव्हा अडीच किलोची होती. तिला पैलवान म्हणताना नर्सबाईंनाच हसू आलं. "ही आमची बारकी," त्या म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. आई स्वतःच अर्धपोटी, तिला दूध पुरेसं येत नव्हतं. अशा बाळांसाठी दवाखान्यातून दुधाच्या भुकटीचे डबे मिळत. त्यावर बारकी तीन महिन्यांत चार किलोला पोचली. अंगठा तोंडात घालून ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या चकचकीत दांडीकडे, टक लावून बघायची.

सरकारचा अर्थसंकल्प जाहीर झाला त्या दिवशी बाकं भरलेली होती. नर्सबाईंनी खिडकीतला रेडिओ मोठा केला. अर्थमंत्र्यांचं भाषण तासभर चाललं. देश अडचणीत आहे, सगळ्यांनी थोडं थोडं सोसायला हवं, असं ते शांतपणे सांगत होते. भाषण संपलं. मग बारकीची आई ज्याच्याकडे कामाला होती तो शिंपी म्हणाला, "'सगळ्यांनी' म्हटलं की समजावं, आपलं नाव त्यात आहे."

काही जण हसले. रक्तदाब तपासायला आलेले निवृत्त मास्तर मात्र चिडले. "हसण्यासारखं काय आहे? घरात ओढाताण असली की आपण हात आखडतोच ना? सरकारनेही तेच केलं. नाहीतर उद्या आणखी वाईट होईल."

बारकीची आई मांडीवर मुलीला थोपटत होती. ती एरवी फार बोलत नसे. "मास्तर, घरात हात आखडला की आई आधी आपलं ताट कमी करते," ती म्हणाली. "लेकराचं नाही."

मास्तरांनी बाही वर केली आणि नर्सबाईंकडे हात पुढे केला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दुधाचे डबे एक तारखेपासून बंद. त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीस दवाखानाही बंद. लोकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात जावं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत.

लोक चिडले, पण मित्रांनो, मंत्री तर तिथे नव्हते. समोर होत्या नर्सबाई. ज्या बायकांची बाळंतपणं त्यांनी निभावली होती, त्याच बायकांनी नर्सबाईंना धारेवर धरलं. "डबे तुम्हीच कुठे वळवले, सांगा." एकीने रिकामा डबा दारावर भिरकावला. नर्सबाईंनी तो उचलून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढचं बाळ द्या." त्यांचा आवाज खणखणीतच होता, पण त्या दिवशी एकाही बाळाला त्या 'पैलवान' म्हणाल्या नाहीत. ते फक्त मला कळलं.

डबे बंद झाल्यावर बारकीच्या आईने भाताची पेज पाजून पाहिली, पातळ दूध पाजून पाहिलं. दोन आठवड्यांनी बारकी आली ती तीन किलो आठशे. नर्सबाईंनी तिला उचललं, दांडी शून्यावर आणली आणि पुन्हा निजवलं. तीन किलो आठशे. तिसऱ्यांदा तेच. मला खोटं बोलता येत असतं, तर मी त्या दिवशी बोललो असतो.

"कमी झालं का?" आईने विचारलं.

"झालं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन शिंप्याला म्हणाल्या, "तुमची हातगाडी सोमवारी रिकामी आहे का?"

सोमवारी जिल्हा कचेरीवर मोर्चा होता. गिरणीचे कामगार होते, शाळेचे शिक्षक होते, घोषणा होत्या, फलक होते. कचेरीच्या खिडक्या बंद होत्या. नर्सबाईंनी मला फाटकासमोरच्या फरसबंदीवर, हातगाडीवरच उभं केलं. बायका बाळं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक बाळाचं आधीचं आणि आजचं वजन नर्सबाई मोठ्याने सांगू लागल्या. आवाज गोंगाटात विरून जायचा, म्हणून लिहायला कोणीतरी हवं होतं. तेवढ्यात मास्तर गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी खडू मागितला.

"तुम्ही?" शिंप्याने विचारलं. "तुम्हाला तर बजेट पटलं होतं."

"अजूनही पटतं," मास्तर म्हणाले. "पण हेही आकडेच आहेत. ते नीट अक्षरात लिहायला नकोत?"

शिंप्याच्या कापड कापायच्या काळ्या फळीवर त्यांनी एकतीस बाळांची वजनं लिहिली. त्यातली बावीस कमी झालेली होती; बारकीचंही त्यात होतं. फळी भरत गेली तशा आसपासच्या घोषणा हळूहळू थांबल्या. लोक नुसते वाचत उभे राहिले. मग एक खिडकी उघडली आणि काही वेळाने एक अधिकारी खाली आले.

त्यांनी फळी पाहिली, मला पाहिलं. "बाई, तुम्ही सरकारी नोकर आहात. आणि हा काटा किती जुना आहे. बिघडलेला असणार."

नर्सबाई वाद घालत बसल्या नाहीत. समोरच्या किराणा दुकानातून शिक्क्याची वजनं मागवली. एक किलो ठेवलं, मी एक किलो दाखवलं. मग दोन, मग पाच. दांडी जराही इकडेतिकडे झाली नाही. आयुष्यात मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि एवढं वाईटही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मी वर कळवतो," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच कळवलं. डबे आणखी तीन महिने चालू ठेवायचा हुकूम निघाला.

तो आमच्यापर्यंत यायला एकोणीस दिवस लागले. अकराव्या दिवशी बारकीला ताप भरला. छाती घरघरू लागली. आईवडील दोन बस बदलून तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथे रांग होती. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं, असं शिंपी नंतर सांगत होता. अशक्त अंगाला ताप झेपला नाही.

दवाखाना बंद व्हायच्या दिवशी नर्सबाई सामान बांधत होत्या. मोर्च्यात गेल्याबद्दल त्यांची दूरच्या गावी बदली झाली होती. बारकीची आई आली. हातात वजनाचं कार्ड होतं. शेवटचा रकाना रिकामा होता, कारण त्या सोमवारी रस्त्यावर कार्ड भरायचं राहून गेलं होतं.

"बाई, इथे लिहून देता का?"

नर्सबाईंनी लिहिलं. तीन किलो सातशे.

आईने तो आकडा बोटाने चाचपला. "जन्मली तेव्हापेक्षा जास्तच होती ना?"

"हो गं," नर्सबाई म्हणाल्या. "खूप जास्त होती."

मग दोघी बाकावर शेजारी बसून राहिल्या. हमाल सामान उचलायला आले तरी कोणी उठलं नाही. ते बिचारे दारातच थांबले.

त्यानंतर मी इथे, जिल्हा कचेरीच्या कोठीत आलो. एका यादीत माझ्या नावापुढे 'निरुपयोगी' असं लिहिलेलं आहे. त्याचा राग मी धरत नाही. मास्तर वर्षातून एकदा कचेरीत अर्ज देतात, दवाखाना पुन्हा उघडा म्हणून. पहारेकरी एकदा दाराबाहेर कोणाला तरी सांगत होता की अर्जाचं अक्षर मोठं सुंदर असतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी कदाचित त्या भाषण करणाऱ्याच्या खुर्चीवरही बसेल. काय कापायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायची वेळ आली, तर सही करण्याआधी एकदा एखाद्या बाळाला स्वतःच्या हातांनी उचलून बघा. आणि कधी या कोठीचं कुलूप काढलंत, तर मला रंग देऊ नका, शोभेला ठेवू नका. दांडीला थोडं तेल घाला, एखाद्या वस्तीतल्या टेबलावर ठेवा आणि पारड्यात एक रडणारं मूल निजवा. बाकीचं काम मला येतं.