दादा, धाव, खड्डा तापलाय!

हसू नका मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे! विद्यापीठाच्या कँटीनमागे, पाण्याच्या टाकीशेजारी राहतो. एका माळीबाबांनी मला खोदले आणि कडेने विटा लावल्या. पालापाचोळा, साली, भाज्यांचे देठ ते मला भरवत. मी ते सगळे पचवून काळेभोर, भुसभुशीत खत देत असे. "आमच्या खड्ड्याचं पोट मोठं गुणी!" असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, तेव्हा मला अगदी भरून येई.

पुढे बाबा थकले आणि घरी बसले. कँटीनमध्ये फोमचे डबे आणि प्लास्टिकचे चमचे आले. वापरून झाले की तेही माझ्यातच पडू लागले. मला काही ते पचेना. शेवटी कुणीतरी माझ्यावर पत्रा टाकला आणि लोक मला विसरून गेले.

यंदा तो पत्रा खडखडला! बाबांची मुलगी आता विद्यापीठाची माळीण झाली होती. तिने आकडीने एकेक डबा बाहेर ओढला. इतक्या वर्षांनीही डबे जसे गिळले होते तसेच निघाले.

"बघ दादा, तुझ्या कँटीनचे प्रताप!" ती म्हणाली. कँटीनचा आचारी म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

"मग काय, पोरांच्या ओंजळीत सूप वाढू?" तो फणकारला.

माळिणीने ते डबे नेऊन दाखवले, तेव्हा थोड्याच दिवसांत कुलसचिव बाईंनी उसाच्या चिपाडाच्या वाट्या आणि लाकडी चमचे मागवले. वापरून झाले की ते माझ्यात कुजवायचे ठरले. पण बाईंनी बजावले, "परीक्षा संपेपर्यंत बघू. नाही कुजलं, तर जुने डबे परत आणू आणि हा खड्डा बुजवून टाकू."

बुजवून! माझ्या विटा थरारल्या.

वाट्या येऊ लागल्या. पण एकात एक बसून त्या तशाच पडून राहिल्या. मी होतो कोरडा ठाक! माळीण रोज वाकून बघे आणि परत जाई.

एका दुपारी तिचा भाऊ भाज्या उकडलेल्या पाण्याचे पातेले घेऊन तणतणत आला. "जो तो मलाच विचारतोय, काका, वाट्या कुजल्या का! या कुजणार? या?" असे म्हणत त्याने हाताला लागतील त्या वाट्या टराटरा फाडल्या आणि माझ्यात भिरकावल्या. वर ते पातेले उपडे केले. शेजारचा वाळक्या पानांचा ढीगही रागाच्या भरात लाथेने आत लोटला.

मित्रांनो, काय सांगू! दोन-चार दिवसांत माझ्या पोटात ऊब आली. सकाळी तर माझ्यातून वाफा निघू लागल्या. माळिणीने बाही सरसावून आत हात घातला आणि ओरडली, "दादा, धाव, खड्डा तापलाय!"

आग लागली समजून तो पाण्याची बादली घेऊनच धावत आला! बघतो तर काय, फाडलेल्या वाट्या मऊ पडून विरू लागल्या होत्या. कोरड्या कोपऱ्यातल्या अख्ख्या वाट्या मात्र तशाच होत्या.

"अगं, मी नुसता चिडलो होतो," तो ओशाळून म्हणाला.

"मग रोज चिडत जा!"

त्या दिवसापासून कँटीनबाहेर वाट्या फाडायला झुंबड उडू लागली. ज्यांना पेपर अवघड गेला, ते जरा जास्तच जोराने फाडत. माळीण पाणी शिंपडे, पाने पसरे, सगळे खालीवर करी. आणि मी? मी खात सुटलो होतो!

परीक्षा संपली. कुलसचिव बाई आल्या. माळिणीने फावडे खोल घातले. वर आला मातीने माखलेला एक अख्खा चमचा! तिचा चेहरा पडला.

"हा नाही कुजला," बाई म्हणाल्या.

"कसा कुजेल? बाहेरून आणलेलं प्लास्टिक आहे ते," भाऊ पुढे सरसावला. "बहिणीची मेहनत बघायची तर आणखी आत हात घाला."

बाईंनी हात घातला आणि मूठभर काळी माती वर काढली. "पण वाट्या कुठायत?"

"तुमच्या मुठीत, बाई!" माळीण म्हणाली.

बाईंनी मूठ उघडली, मातीचा वास घेतला आणि हसत म्हणाल्या, "शेजारी आणखी एक खड्डा खणा."

मला धाकटा भाऊ मिळणार, मित्रांनो! तुम्हाला एकच विनवणी. आम्हाला पोटभर जेवू घाला, पण पचेल तेच घाला. वाटी फाडून द्या. प्लास्टिकचा एक चमचासुद्धा नको. ऐका, कुदळीचा पहिला घाव पडला!