अंगचं आणि अंगावरचं

काचेच्या वाटीत चार-पाच कण. राखाडी, मोहरीहूनही बारीक, आणि काचकांडीनं दाबले की कर्र वाजणारे. मायानं ते बुधवारपासून जपून ठेवले होते, कुडीतला निखळलेला मोती ठेवावा तसे, झाकण घालून, वर पेन्सिलीनं 'ब' लिहून. आम्लात विरघळली ती पालकाची राख, विरघळली नाही ती माती. प्रियदर्शनीच्या, तिच्या धाकट्या जावेच्या, वाफ्यातली माती. म्हणजे मोजणीत आलेलं ते जास्तीचं लोह पालकाच्या अंगचं नव्हतंच, अंगावरचं होतं.

आज शुक्रवार. भट्टी निवत आली होती आणि आत भाजीची राख करायच्या दोन मुशा होत्या. 'अ' म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जयराजच्या, रानातला पालक, युरियावर वाढलेला. 'ब' म्हणजे शेणखत नि जीवामृतावरचा. रहिमतपूरच्या त्या रानात दोन्हींच्या मध्ये फक्त एक बांध, आणि पाणी एकाच विहिरीचं. साताऱ्याच्या या प्रयोगशाळेत ती चौदा वर्षं लोकांची माती नि भाज्या तपासत होती, पण घरची भाजी इथं पहिल्यांदाच आली होती, तीही धाकटीनं हट्ट धरला म्हणून. मंगळवारी आकडे आले, शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यात लोह 'अ' चोवीस मिलिग्रॅम, 'ब' एकाहत्तर. तिनं ते फोनवर सांगितलेही, कोरड्या आवाजात, आणि त्या रात्री तिला भाकरी गेली नाही. बुधवारी मूस घासताना ते कण दिसले, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं दार लोटून घेतलं.

चूक झाली होती कुठं, तर धुण्यात. प्रियदर्शनी भाजी धूतच नाही. मुळाला माती दिसली की महाबळेश्वरचे हॉटेलवाले खूश होतात. 'माती हीच आपली पावती, ताई,' म्हणते ती हसत. आणि मायानं स्वतःची जुडी घरीच तीन पाण्यांनी धुऊन आणली होती... आपल्या घरची भाजी मळकी बाहेर जाऊ नये, ही इस्लामपूरच्या माहेरची सवय. नियम दोन्ही नमुने इथं धुवायचा होता. दुसरा धुवायला ती विसरली. नाही — खरं सांगायचं तर विसरले नाही मी. तिच्या जुडीला हात लावावासा वाटला नाही, एवढंच.

जळते मी तिच्यावर. तिच्या हसण्यावर, कासोटा न सुटता वाफ्यात वाकण्यावर, सगळ्यांना नावानिशी जेवायला बोलावण्यावर... पण यातलं काहीही सोसलं असतं. तीन महिन्यांपूर्वी जयराज भावाकडे जेवून आला, ओट्यावर बसून चपला काढता काढता म्हणाला, "पालक आसा आसतो व्हय." बस्स. एवढंच. अठरा वर्षांत मायाच्या भाजीला त्यानं कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि न बोलणं म्हणजेच आवडणं असं तिनं धरून ठेवलं होतं. तो स्वतःशी बोलल्यासारखा बोलला होता, हेच वाईट. ती लगेच म्हणाली होती, "शेणखतावरची भाजी आहे ती. चव येणारच." त्यानं मान हलवली, "आसंल." त्या 'आसंल'वर तिनं तीन महिने काढले. दोन्ही घरी पाळीपाळीनं जेवणाऱ्या सासूबाई, राहीबाई, तिथंच सुपारी कातरत होत्या. "खताचं न्हवं गं ते," त्या म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला चव हाय." म्हातारं माणूस बोलायचंच, म्हणून ती हसली होती. हसली होती ना? हो, हसली होती.

या खेपेला मात्र तिनं फ्रीजमधल्या दोन्ही जुड्या एकाच घमेल्यात, तीन पाण्यांनी, शेवटी शुद्ध पाण्यानं, एकेक पान उलटंपालटं करून धुतल्या होत्या. धाकटीची जुडी जरा जास्तच.

राख विरघळवून ती यंत्रापाशी गेली तोच फोन वाजला.

"ताई, परवा सांगलीला प्रदर्शन हाय. पाटी रंगवायला द्यायचीय. 'तिप्पट लोह' लिवू का? तुमीच म्हनाला हुता, एकाहत्तर."

"दुपारपर्यंत थांब."

"थांबते की. तुमचा शिक्का आसला की कोण काय बोलतंय. आन् आज समदी हिकडंच या जेवायला. दादांस्नी आवडतो म्हनून पालक करनार हाय."

दादा म्हणजे जयराज. त्याला आवडतो, हे धाकटीला ठाऊक आहे, इतक्या सहज ठाऊक आहे की ते फोनवर सांगताना तिची जीभही अडखळत नाही. "बघते," माया म्हणाली.

यंत्रानं आकडे दिले. 'अ' चोवीस. 'ब' साडेचोवीस. पोटॅश, चुना, जस्त, मॅग्नेशियम सगळं जवळजवळ जुळत होतं, जो काही फरक होता तो यंत्राच्या चुकीएवढा. तिनं पुन्हा घेतले. तेच. मग ती स्टुलावर बसली आणि मनातल्या मनात रात्रीची पंगत मांडू लागली — जयराज, विश्वजीत भावजी, सासूबाई, वाढायला धाकटी, आणि आपण अगदी सहज, भाकरी मोडता मोडता म्हणायचं की अहो, बघितलं मी, ती काय नि आपली काय, भाजी तीच आहे, अगदी तीच...

तीच.

हातातली पेन्सिल थांबली. भाजी तीच असेल, तर मग त्या दिवशी त्यानं खाल्लं काय?

चव म्हणजे काही खनिजं नव्हेत, हे तिच्याइतकं कुणाला कळणार. साखर असते, पानातलं पाणी असतं, मोजलंच नाही असं कितीतरी असतं, आणि ती हे स्वतःला सांगू शकत होती, सांगतही होती... पण त्या संध्याकाळी 'शेणखत' म्हणताना तिनं कुठं काय मोजलं होतं? चव खताची, हा तो एकच आडोसा होता, आणि तो तिनं स्वतःच्या सहीनं काढून टाकायला घेतला होता. एकाहत्तर आकडा तसाच राहू दिला तर पाटी धाकटीची रंगेल, पण आडोसा राहील. साडेचोवीस लिहिलं तर पाटी जाईल आणि...

तिनं चोवीस लिहिलं. साडेचोवीस लिहिलं. 'दोन्ही नमुने धुतलेले' असं लिहिलं, आणि सही केली. मग फोन लावला.

"धुऊन बघितलं गं. तुझ्या पाल्यावर माती होती, तिचं लोह होतं ते. दोन्ही सारखेच आहेत."

हे सांगायची मायानं बुधवारपासून वाट पाहिली होती.

"माझीच चूक मग, धुवाय पायजे हुतं," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज उतरला होता, पण लगेच सावरला. "ऱ्हाऊ द्या. नुसतं 'बिनविषारी' लिवते. बरं झालं तुमी बघितलंसा, न्हाईतर लोकांत खोटी पडले आसते."

रागावली असती तर बरं झालं असतं. माया फोन ठेवणार होती, आणि तिच्या तोंडून, तिनं न ठरवता, आलं, "पालकात तू घालतेस काय गं?"

"काय घालतीया? तुमच्यावानीच की. लसूण, हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचं कूट. तुमचंच बघून शिकले मी, पयल्या वर्साला."

ती बेसिनपाशी गेली. वाटीतले कण पाण्यात सोडले, ते दिसेनासे झाले. तिच्या बोटांची टोकं पिवळी होती, आम्लानं कातडीच पिवळी होते, आणि ती कातडी निघून जाईपर्यंत रंग जात नाही, हे चौदा वर्षं तिला माहीत होतं. तरीही ती हात धूत राहिली, एका पाण्यानं, दुसऱ्या पाण्यानं, आणि मग तिसऱ्या.