अप्पांचं बोलणं

“काका, यंदा प्रॉम्प्टिंग दुसरं कुणीतरी करेल. तुम्ही स्टेजवर!” शार्दूल म्हणाला, आणि राघोत्तमरावांच्या टंबलरमधली कॉफी नेसलेल्या वेष्टीवर सांडता सांडता राहिली.

शार्दूल पुण्याहून चेन्नईला मोटारीच्या कंपनीत आलेला, इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचा दिग्दर्शक. यंदाच्या नाट्यमहोत्सवात मराठीच्या सगळ्या बोली हव्यात, असं समितीनं ठरवलं होतं. वऱ्हाडी झाली, मालवणी झाली, तंजावरची तेवढी राहिली होती.

अंबत्तूरच्या कारखान्यात कारकुनी करून राघोत्तमराव एकोणतीस वर्षं विंगेत उभे राहिले, पण स्टेजवर त्यांना कुणी घेतलं नाही. घेणार कसे? त्यांनी तोंड उघडलं की मंडळी हसायची. “काका, किती गोड बोलता हो!” गोड म्हणे! त्यांची तंजावरची, घरची भाषा होती ती.

त्यांनी दहा मिनिटांचं स्वगत लिहिलं. लग्न झालेली अंबुजा तंजावर सोडून निघाली, तेव्हा गाडीच्या खिडकीशी उभे राहून अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, तिला जे बोलले, ते. अंबुजा म्हणजे त्यांची थोरली बहीण, आता एक्याऐंशीची. चेन्नईतच नुंगंबाक्कमला मुलाच्या घरी सगळं तमिळ नाहीतर इंग्रजी. आपलं बोलायला तिला हा एक भाऊ उरलेला.

“अस्की म्हण रे,” ती फोनवर म्हणाली. ‘अस्की’ म्हणजे सगळं. “कां म्हणजे, अप्पांचं बोलणं पुन्हा कोण ऐकवणार मला?”

एग्मोरच्या हॉलमध्ये ती रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. स्टेजवर उजेड पडला. राघोत्तमराव बोलले, “अंबू, सगळं घेतलंस ना गं?”

अरे देवा! घरी पन्नासदा घोकलं होतं, ‘अंबू, अस्की घेटलीस का?’ आणि हे काय आलं तोंडातून? एकोणतीस वर्षं नाटकाच्या उजेडाजवळ त्यांनी पुण्याचीच मराठी कुजबुजली होती. जिभेला तीच सवय.

विंगेतून शार्दूल हातातला कागद बघून खरं वाक्य सांगू लागला. तंजावरचे शब्द, पुण्याचा हेल. राघोत्तमरावांना स्वच्छ ऐकू येत होतं. तरी ते ऐकायचे आणि शुद्ध करून बोलायचे. घामानं सदरा भिजला. अंबुजा पुढे वाकून, कानामागे हात धरून बसली होती. मग तिनं हात खाली घेतला.

टाळ्या मात्र कडकडून पडल्या. “काय शुद्ध बोललात हो!” अध्यक्ष विद्युलताबाई म्हणाल्या. “आम्हाला वाटलं होतं, काही कळणारच नाही.”

बाहेर अंबुजा ऑटोत बसून वाट बघत होती. ते दांडीला धरून उभे राहिले. रडू आवरेना.

“अक्का, चुकलों गे. अप्पांचं अस्की घालवलों,” ते म्हणाले. आता बरोबर येत होतं.

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाली, घरी चल, दोन डोसे खाऊन जा.

घरी जायची शेवटची गाडी चुकेल, असं त्यांनीही तमिळमध्येच सांगितलं.