दहा ग्रॅम नवा भात

चामटोलीच्या त्या घरात नव्या भाताचं जेवण होतं आणि तेजलने ताटांच्या पंगतीतच वजनकाटा मांडला होता. सासऱ्यांना, म्हणजे धर्मराजआबांना, तो काटा डोळ्यांसमोर नको असायचा. आपल्या शेतातला तांदूळ आपल्याच नातीच्या ताटात पडत नाही, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

नात अंजनी सात वर्षांची. तिला फिट यायच्या, दिवसातून चार-चारदा. औषधं बदलून झाली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी किटोजेनिक आहार सुरू केला. तूप-तेल भरपूर, भात-भाकरी जवळजवळ बंद. दिवसाला एकशे वीस ग्रॅम फॅट, सव्वीस ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब्स फक्त चौदा. बारावीला गणितात काठावर पास झालेली तेजल आता अंडी, खोबरं आणि सुकटीची गणितं भांडी घासता घासता सोडवायची. दहा आठवडे एकही फिट आली नव्हती.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोर अंगणातच कोसळली. नंतर लघवीतले किटोन तपासायची पट्टी पाहिली, तर आहार नीट चालू असताना गडद होणारा तिचा रंग पार उतरलेला. कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं होतं.

"मी भात कुठं दिला?" आबा म्हणाले होते. "वाटीभर पेज दिली. पेज म्हंजे पानीच ना?"

वाईट हेतू नव्हताच. जन्मभर तांदूळ पिकवणाऱ्या माणसाला पेज म्हणजे भात वाटतच नव्हती. पण हेतू चांगला असला म्हणून फिट थोडीच थांबते? त्या दिवशी तेजल संताप गिळून गप्प बसली होती. आज बसणार नव्हती.

"मला पण नवा भात," असं अंजनीनेच म्हटलं होतं. तेजलने तीन दिवस वही पुढ्यात घेतली. जेवणातली भाजी कमी केली, कांदा काढला, तूप वाढवलं, आणि शिजलेला भात दहा ग्रॅम बसवला. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आकडे तपासून 'चालेल' असं कळवलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच हसली होती.

आता आबा भाताचं पातेलं घेऊन उभे राहिले. "सोनं हाय का ते, तोलायला? नवा भात मोजून वाढला तर अन्नाचा अपमान होतो. आज पोरगी पोटभर जेवंल."

कैलास, तेजलचा नवरा, मान खाली घालून ताटातलं मीठ चिवडत राहिला. त्याच्याकडून काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"आबा, याच भातावर किडीचं औषध मारताना तुम्ही बाटलीच्या बुचाने का मोजता?"

"जास्त झालं तर पीक जळतं."

"मग माझ्या पोरीच्या ताटात अंदाजे का वाढायचं? तिचं जेवण हेच तिचं औषध आहे. अपमान होत असेल तर होऊ दे, मी पाया पडेन अन्नाच्या. पण मोजल्याशिवाय एक शीतही पडणार नाही. पटत नसेल तर मी तिला घेऊन आत्ता हेंद्रेपाड्याला आईकडे जाते."

आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पळीभर भात उचलला आणि नातीच्या ताटावर नेला. तेजल उठायच्या आत अंजनीने दोन्ही तळव्यांनी ताट झाकलं.

"आबा, आधी काट्यावर."

पळी तशीच थांबली. पोरीने हात काढले नाहीत. शेवटी आबा मांडी घालून काट्यापुढे बसले, वाटी ठेवली, आकडा शून्य झाल्यावर चिमटीने भात टाकला. बारा.

"दोन जास्त झाले," अंजनी म्हणाली.

त्यांनी दोन शितं उचलली. आकडा हलला नाही.

"शितं नाही आबा, ग्रॅम!"

कैलास खुदकन हसला. तेजल हसली नाही आणि मदतीलाही गेली नाही. आबा एकेक शीत वेचत राहिले. दहा आल्यावर त्यांनी वाटी नातीपुढे सरकवली, मगच स्वतःच्या ताटात भात वाढून घेतला.