शोकेसमधले चाळीस चेहरे

स्टुडिओ धाकट्या दिराचा, पण काढलेले फोटो नीटनेटके करायचं काम वहिनींचं. गिऱ्हाइकंही त्यांना वहिनीच म्हणत. एकोणीस वर्षं त्या कॉम्प्युटरसमोर बसून लोकांचे तीळ पुसत होत्या, हनुवट्या निमुळत्या करत होत्या. अलीकडे लोक मोबाइलवर कुणाचातरी फोटो दाखवून ‘अस्संच करा’ म्हणत, आणि तो कुणीतरी दर वेळी तोच वाटे.

एका रिकाम्या दुपारी वहिनींनी ‘तीळ काढा’, ‘हनुवटी कमी करा’ ही गिऱ्हाइकांची वाक्यं जशीच्या तशी एआयला घातली आणि चाळीस चेहरे काढायला सांगितले. आले ते सगळे एका माळेचे मणी. साचा यंत्राचा नव्हता. तो त्यांनी स्वतःच इतकी वर्षं घोटला होता.

त्यांनी ते छापून शोकेसमध्ये लावले. खाली चिठ्ठी डकवली, ‘यातलं कुणीही जन्मलेलं नाही.’ गिऱ्हाइकं दुखावतील, असं दीर म्हणाला. पण वहिनींनी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

तिसऱ्याच दिवशी एक विमा एजंट तणतणत आला. न विचारता माझा फोटो का लावलात, हे त्याचं म्हणणं. मग एक बाई आपला फोटो लावला म्हणून खूश होऊन आभार मानून गेली. शनिवारपर्यंत सहाजणांनी आपापला चेहरा ओळखला होता, त्यातल्या दोघींनी एकच. चिठ्ठी कुणीच वाचली नव्हती.

रविवारी बँकेतली कॅशियर आईला घेऊन आली, आपला फोटो दाखवायला. म्हातारी काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली.

“ही तू नाहीस,” ती म्हणाली. “तुझ्या भुवईत खाच आहे. झोक्यावरून पडलीस तेव्हाची. दवाखान्यापर्यंत तुला उचलून पळाले होते मी.”

“अगं, ती खाच मीच काढून टाकायला सांगितली होती वहिनींना.”

वहिनींनी दोघींना आत बसवलं आणि तिचा जुना, हात न लावलेला फोटो पडद्यावर उघडला. कॅशियरनं नकळत भुवईवर बोट फिरवलं.

“याची एक प्रत द्या,” ती हळूच म्हणाली. “आईसाठी.” मग जरा थांबून, “नाही, दोन द्या.”

मुदत संपली तसे ते चेहरे शोकेसमधून काढले. तेव्हापासून वहिनी प्रत्येकाला आधी त्याचा मूळ फोटो दाखवतात. चारातले तिघं तरीही हनुवटी कमी करायलाच सांगतात, आणि वहिनी ती करून देतात. पोट कुणाला चुकलंय? चौथ्याच्या फोटोला मात्र त्यांना हात लावावा लागत नाही. तरी छापायला पाठवण्याआधी त्या तो बराच वेळ बघत बसतात.