चाटूनपुसून

मी भुशा बोलतोय. डॉक्टरबाईंच्या गार टेबलावरून बोलतोय, म्हणून आवाज बारीक आहे. एरवी माझ्या भुंकण्यानं काचा हादरायच्या, आणि आमच्या दुकानात काचांना काही तोटा नाही.

माझे मालक फोटोंना चौकटी करतात. पिल्लू असताना मी त्यांच्या करवतीखाली साचलेल्या भुशात येऊन झोपलो, तेव्हापासून हे नाव. "राहू दे एक रात्र," असं बाई, म्हणजे मालकांची बायको, म्हणाल्या होत्या. ती एक रात्र काही संपली नाही. दोघांना मूलबाळ नाही, त्यामुळे माझे लाड जरा जास्तच झाले, हे कबूल. मी दारात आडवा पडलो की गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यानं मला ओलांडून जायचं. मालक मला उठवायचे नाहीत.

आता मागचे पाय गेलेत. पोटात गाठ आहे, ती सारखी ठणकते. अन्न नकोसं झालंय.

सकाळी बाई दूधपाव पुढे ठेवतात. मी हुंगतो आणि मान खाली टाकतो. मग त्या इकडंतिकडं बघून वाटी मागच्या दारी उपडी करतात, घासूनपुसून ठेवतात आणि आत जाऊन सांगतात, "अहो, आज चाटूनपुसून खाल्लं हं त्यानं!"

दुपारी दुकानात मालक उकडलेलं अंडं कुस्करून भरवतात. त्यांचं मन मोडवत नाही म्हणून मी घास तोंडात घेतो, पण तो गिळवत नाही, बाहेर येतो. तोही मागच्या दारीच जातो. "आज माझी बोटंसुद्धा खाल्ली असती लेकानं," असं ते घरात शिरता शिरता म्हणतात.

दोघंही एकमेकांचा जीव जपत होते. आपल्या हातून खात नसला तरी दुसऱ्याच्या हातून खातोय ना, एवढ्यावर दोघांनी दिवस ढकलले. माझी हाडं वर आली. मागच्या गल्लीतलं मांजर मात्र माझ्या जिवावर गलेलठ्ठ झालं.

आज डॉक्टरबाईंनी साधंच विचारलं, "जेवतो का हा?"

"माझ्याकडे नाही खात," मालक म्हणाले, "पण हिच्याकडे सकाळी अगदी पोटभर."

बाईंचा चेहरा उतरला. "माझ्याकडे? अहो, तो तर दुपारी तुमच्याकडे खातो ना?"

मालकांनी माझ्या वर आलेल्या बरगड्यांवरून हात फिरवला.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "गाठ पसरलीय. सलाइन लावता येईल, पण त्यानं त्रास थांबणार नाही, लांबेल. नाहीतर एक इंजेक्शन. झोपेतच जाईल. तुम्ही ठरवा."

"तू सांग," मालक म्हणाले.

"मला नाही जमायचं. तुम्ही सांगा."

मग मालकांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं अंडं काढलं. "भुशा, राजा, एवढं खा. एकच घास. खाल्लास की घरी जाऊ."

मला घरी जायचं होतं. फार जायचं होतं. पण घरी गेलो असतो तर उद्या पुन्हा तीच वाटी, तेच खोटं आणि तेच ठणकणं. मी मालकांच्या हातापासून तोंड फिरवलं. असं मी कधी केलं नव्हतं.

बाईंनी ते पाहिलं. माझ्या कपाळाला कपाळ टेकून त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "द्या."

सुई आता टोचलीय. डोळे जड होतायत, म्हणून पटकन सांगतो. उद्या मालक म्हणतील, मलाच भरवता आलं नाही. बाई म्हणतील, 'द्या' मी म्हणाले. दोघं आयुष्यभर स्वतःला खात बसतील. कुणीतरी त्यांना सांगा हो, ठरवलं मी. त्यांनी फक्त माझं ऐकलं.